पुढे आलेले दात : मुलगी ११ वर्षांची, नणंद २६ ची, दोघींसाठी काय करावं?

निपाणीची_आई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही निपाणीजवळ खेड्यात राहतो. माझी मुलगी ११ वर्षांची आहे, सहावीत. तिचे वरचे पुढचे दात बरेच बाहेर आलेत, तोंड मिटलं तरी दोन दात खालच्या ओठावर दिसतातच आणि झोपेत तर तोंड उघडंच असतं. लहानपणी अंगठा चोखायची, शाळेत जायला लागली तरी सुटला नव्हता, कडुलिंबाचा रस लावला, मिरची लावली, सगळं करून झालं. आता शाळेत पोरं किसणी म्हणून चिडवायलेत. फोटो काढताना तोंडावर हात धरते, यंदा गॅदरिंगला नाचात नाव दिलं नाही तिनं, मला लई वाईट वाटतं बघून. त्यात खो-खो खेळते, पडली तर आधी दातच फुटणार ही भीती वेगळीच.

इथल्या एका डॉक्टरांनी सांगितलं अजून लहान आहे, सगळे दात येऊ देत, १४-१५ ची झाली की क्लिपा लावू. कोल्हापूरला दाखवलं तर तिथले म्हणाले आत्ताच प्लेट लावा, वेळ घालवू नका. आणि एकानं सांगितलं वरचे दोन दात काढावे लागतील. आता आम्ही कुणाचं ऐकायचं? सासूबाई म्हणायलेत वरचा दात काढला की डोळ्याची नजर जाते, त्या काढू देणार नाहीत.

दुसरं म्हणजे माझी नणंद २६ वर्षांची, तिचे पण दात असेच आहेत. तिच्यासाठी स्थळं बघायलोय. कुणीतरी सांगितलं दात घासून वर कॅपा बसवतात, आठवड्यात काम होतं, आणि घरात सगळ्यांना तेच पटायलंय कारण क्लिपा लावून दोन वर्षं कोण थांबणार. तिनं स्वतः नेटवर बघून अलायनरचं (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) विचारलं तर १ लाख ८० हजार सांगितले. मिस्टर वखारीत कामाला आहेत, एवढं झेपणारं नाही.

बेळगावच्या डेंटल कॉलेजात जावं का? तिथं शिकाऊ डॉक्टर करतात म्हणे, भीती वाटते. कुणी करून घेतलं असेल तर खरं खरं सांगा.

---

खानापूरवाली_वहिनी

ताई माझ्या मुलाचं असंच होतं, १२ वर्षांचा होता. त्याला ट्विन ब्लॉक लावला होता, वर एक प्लेट खाली एक प्लेट, दोन्हीला उतरते ठोकळे असतात, तोंड मिटलं की खालचा जबडा आपोआप पुढं येऊन बसतो. तारेसारखं चिकटवलेलं नसतं, काढता-घालता येतं, पण काढायची सवय लागली की संपलं सगळं. जेवतानासुद्धा तोंडात ठेवायला सांगितलं होतं, फक्त दात घासताना काढायचं आणि प्लेट पण घासून घ्यायची.

पहिला आठवडा लई त्रासाचा जातो हे आधीच सांगून ठेवते. तोंडातून लाळ गळते, श आणि स नीट येत नाही, वर्गात वाचायला उठवलं की पोरगं रडवेलं व्हायचं. मी जाऊन वर्गशिक्षिकेला सांगून आले की त्याला थोडे दिवस मोठ्यानं वाचायला लावू नका, त्यांनी ऐकलं. मग सवय झाली आणि तो प्लेट घालून भांडायला पण लागला.

एक लक्षात ठेवा, डबी द्या सोबत. पोरं डबा खाताना प्लेट काढून कागदात गुंडाळतात आणि तो कागद कचऱ्यात जातो. नवीन करायची म्हणजे परत साचा, परत पैसे.

वर्षभरानं चेहरा बाजूनं बघितला तर फरक कळत होता, हनुवटी पुढं आल्यासारखी, ओठ मिटायला लागले. त्यानंतर परत तारा लावाव्या लागल्या, दात ओळीत आणायला. म्हणजे प्लेटनं सगळं होतं असं समजू नका, पण दात काढावे लागले नाहीत त्याचे. सगळ्यांचं तसंच होईल असं नाही.

---

दंतवैद्य_बेळगाव

ताई, मी इथं बेळगावात ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, पुढे आलेले, वाकडे दात सरळ करणं हेच माझं रोजचं काम. मुलीला बघितल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही, पण तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी का सांगितल्या ते सांगतो, त्यानं तुमचा निम्मा गोंधळ कमी होईल.

सगळ्यात आधी ठरवायचं असतं की नुसते दात पुढे आहेत की जबड्याचा भाग आहे. वरचे दात बाहेर दिसतात तेव्हा पुष्कळ वेळा खालचा जबडा मागे राहिलेला असतो, हनुवटी आत असते, म्हणून वरचे दात आहेत त्याहून जास्त बाहेर वाटतात. मुलीला ओठ सैल सोडायला सांगून बाजूनं मोबाईलवर एक फोटो काढा, तुम्हाला पण अंदाज येईल. पक्कं कळतं ते चेहऱ्याच्या बाजूनं काढलेल्या एक्सरेवरून, त्याला लॅटरल सेफॅलोग्राम म्हणतात, आणि सगळ्या दातांचा एक्सरे म्हणजे ओपीजी. हे दोन एक्सरे, दातांचा साचा किंवा स्कॅन आणि फोटो, एवढं न करता कुणी आजच तारा लावतो म्हणालं तर उठून या.

वरच्या दातांची कड खालच्या दातांच्या साधारण २-३ मिलिमीटर पुढे असणं नॉर्मल आहे, याला ओव्हरजेट म्हणतात. तो ६ च्या वर गेला की बऱ्याच जणांचे ओठ ताण दिल्याशिवाय मिटत नाहीत, खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो आणि तोच त्यांना आणखी पुढे ढकलत राहतो. तुमच्या मुलीचं वर्णन वाचून मला तसंच वाटतंय.

आता वयाचं. मुलींचा जबडा वाढायचा जोराचा काळ पाळी सुरू व्हायच्या अलीकडचं वर्ष-दीड वर्ष, म्हणजे साधारण १० ते १३ च्या दरम्यान, मुलांचा त्याहून थोडा उशिरा. खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखी प्लेट याच काळात लावायची असते, त्यामुळं कोल्हापूरच्या डॉक्टरांचं म्हणणं या दृष्टीनं बरोबर आहे. १५ पर्यंत थांबलात तर मुलीच्या बाबतीत तो काळ निघून गेलेला असतो. उलट जबडा व्यवस्थित असून फक्त दात पुढे असतील तर सुळे आणि उपदाढा येऊ देऊन १२-१३ ला एकदाच तारा लावणं चांगलं, खर्च एकदा, त्रास एकदा.

एक अभ्यास सांगतो कारण पालकांना फार घाई करायला लावणारे पण भेटतात. कॉक्रेन म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिचा २०१८ चा रिव्ह्यू आहे, २७ ट्रायल एकत्र बघितल्या होत्या. ७ ते ११ वयात एकदा उपचार आणि मोठेपणी परत दुसरा टप्पा, असं केलेल्या मुलांचा शेवटचा निकाल हा मोठेपणी एकाच टप्प्यात केलेल्यांसारखाच आला. लवकर केल्याचा ठळक फायदा एकच दिसला, पुढच्या दातांना मार लागायचं प्रमाण कमी झालं. तुमची मुलगी खो-खो खेळते, ओठ दात झाकत नाही, वय पण वाढीच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून तिच्या बाबतीत मी थांबा म्हणणार नाही, या महिन्या-दोन महिन्यांत दाखवून घ्या.

खेळाचं आलंच आहे तर हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पडून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर वरच्या पांढऱ्या भागानं उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. माती लागली असेल तर दुधानं नाहीतर पाण्यानं हलकं धुऊन जागेवर बसवता आला तर लगेच बसवायचा, नाही जमलं तर कपभर थंड दुधात टाकून डेंटिस्टकडे पळायचं, अर्ध्या तासात पोचलात तर दात वाचायची आशा खूप असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. आणि खेळताना माऊथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं मऊ कव्हर, घालू द्या.

अजून एक, झोपेत तोंड उघडं असतं म्हणालात. घोरते का? सारखी सर्दी असते का? नाकामागच्या गाठी म्हणजे अडेनॉइड वाढलेले असतील तर मूल तोंडानं श्वास घेतं आणि ते तसंच ठेवून दात मागे घेतले तर टिकायला अवघड जातं. एकदा कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. अंगठा आता सुटलाय ना? गिळताना जीभ दातांवर ढकलते का तेही डॉक्टर बघतील.

नणंदेचं सविस्तर रात्री लिहितो, पेशंट आहेत. तोपर्यंत कॅपा बसवायला हो म्हणू नका.

---

हुक्केरी_९०

एवढ्या लांब जायची काय गरज नाही ताई. साधं रबर घ्या बारकं, पुढच्या दातांभोवती घालून रात्री झोपायचं, युट्यूबवर हाय बघा व्हिडिओ, महिन्यात दात जवळ येत्यात. आमच्या आत्त्या तर रोज सकाळी अंगठ्यानं दात दाबायला लावायच्या पोरांना.

---

दंतवैद्य_बेळगाव

दादा, रबराचं कृपा करून कुणालाही सांगू नका. दात मुळाकडं निमुळता असतो त्यामुळं रबर हळूहळू वर सरकतं, हिरडीच्या आत जातं आणि दिसेनासं होतं. घरच्यांना वाटतं पडलं कुठंतरी. ते आत राहून मुळाभोवतीचं हाड खात जातं, हिरडी सुजते, पू येतो, दात हलायला लागतात आणि शेवटी चांगले पक्के दात गमवावे लागतात. हे जगभर नोंदलं गेलेलं नुकसान आहे. ज्यांनी आत्ता घातलं असेल त्यांनी आज काढा, आणि सापडत नसेल तर उद्या सकाळी डॉक्टरकडे जा.

अंगठ्यानं दाबून दात मागे जात नाहीत. दात सरकायला हलका पण सतत जोर लागतो, दिवसातले कितीतरी तास. मग एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवीन तयार होतं, महिन्याला साधारण १ मिलिमीटर. म्हणून तारेला दीड-दोन वर्षं लागतात, डॉक्टर मुद्दाम लांबवत नाहीत.

---

निपाणीची_आई

डॉक्टर खूप आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मुलगी घोरते हो, आणि सर्दी तर कायमच असते, आम्हाला वाटायचं हवामानामुळं. नजरेचं काय ते पण सांगा, सासूबाईंना वाचून दाखवीन. आणि शिकाऊ डॉक्टरांचं.

---

दंतवैद्य_बेळगाव

आज्जींना सांगा, डोळ्याची नस वेगळी आणि दाताची वेगळी. नजर ज्या नसेमुळं असते ती डोळ्याच्या मागून सरळ मेंदूत जाते, वरच्या दातांना जी नस येते तिचं काम फक्त दुखणं-खुपणं कळवणं. दात काढल्यानं नजर जात नाही. पन्नाशीत दात पण काढायची वेळ येते आणि त्याच वयात चष्मा पण लागतो, मोतीबिंदू पण होतो, म्हणून लोकांनी दोन्ही जोडलंय असं मला वाटतं.

काढायचे म्हणजे पुढचे दात काढत नाहीत. सुळ्याच्या मागची पहिली उपदाढ, डावी एक उजवी एक, कधी खालच्याही दोन. एका बाजूला साधारण ७ मिलिमीटर जागा मिळते आणि त्या जागेत पुढचे दात मागे घेतले जातात. जागा बंद झाली की बघणाऱ्याला कळत पण नाही. पण प्रत्येकाला काढावे लागतातच असंही नाही, थोडीच जागा हवी असेल तर दातांच्या मधून अगदी किंचित घासून जागा करतात, किंवा हिरडीतून हाडात बारीक मिनी स्क्रू बसवून त्याच्या आधारानं पूर्ण ओळ मागे ओढतात. ओठ आधीच पातळ, हनुवटी आत, अशा चेहऱ्यात उगीच दात काढले तर चेहरा बसल्यासारखा दिसू शकतो, म्हणून काढायचा निर्णय पटला नाही तर दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही.

कॉलेजचं. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, धारवाडला सत्तूरला एसडीएमचं आहे. तुम्हाला निपाणीहून सांगली-कोल्हापूरकडची पण जवळ पडतील. पीजी विभागात तारा लावणारे डॉक्टर बीडीएस होऊन पुढं तीन वर्षं फक्त याच विषयाचं शिकत असतात आणि प्रत्येक केस प्राध्यापक बघून मगच पुढं जाते. वेळ जास्त जातो, रांग असते, पण काम घाईचं नसतं आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी. एक युक्ती सांगतो, पहिल्या वर्षाच्या पीजीकडे केस द्या म्हणून विनंती करा, म्हणजे उपचार पूर्ण होईपर्यंत तोच डॉक्टर राहतो, मध्ये बदलत नाही. खासगीत जाणार असाल तर एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स (हीच ती बीडीएसनंतरची तीन वर्षांची पदवी) आहे का ते विचारायला लाजू नका.

पैशाचं बोलताना हे पण विचारा की रिटेनर त्यात धरलाय का, ब्रॅकेट (दातावर चिकटवलेली, तार धरणारी बारीक चकती) निघालं तर वेगळे पैसे का, हप्ते चालतात का. रिटेनर म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला जे देतात ते. तो नाही घातला तर दात परत पुढं येतात, आणि मी बघतो त्यात परत आलेले पेशंट बहुतेक यामुळंच आलेले असतात.

नणंदेचं आता. २६ वय तारांसाठी अजिबात जास्त नाही. हिरड्या चांगल्या असतील तर चाळिशीत पण करता येतं. फरक एवढाच की जबड्याची वाढ संपलीय, म्हणून प्लेट लावून जबडा पुढं आणता येत नाही. नुसते दात पुढे असतील तर तारा, लागल्या तर दोन उपदाढा काढून. तारा दिसू नयेत असं वाटत असेल तर दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या मिळतात, थोड्या महाग पडतात पण अलायनरपेक्षा पुष्कळ कमी. अलायनर चांगले आहेत पण दिवसाचे २०-२२ तास घालावे लागतात, आणि दात खूप मागे घ्यायचे असतील तर सगळ्याच केसला जमतात असं नाही. घरबसल्या पोस्टानं अलायनर मागवायच्या जाहिराती येतात त्यापासून लांब राहा, अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब नावाची मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कितीतरी लोक अर्ध्या उपचारात लटकले. एक्सरे न बघता, तोंडात न डोकावता दात हलवणं धोक्याचं आहे.

कॅपांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दात मुळापासून पुढं झुकलेला आहे, तुम्ही फक्त वरचा भाग घासून त्यावर मागे झुकलेली कॅप बसवणार, म्हणजे भिंत कललीय आणि गिलावा जाड करून ती सरळ दाखवायची. त्यासाठी चांगला, न किडलेला दात इतका घासावा लागतो की बऱ्याचदा रूट कॅनल करावं लागतं, तेही चार-सहा दातांचं. कॅपा १०-१५ वर्षांनी बदलाव्या लागतात, २६ व्या वर्षी बसवल्या तर आयुष्यात किती वेळा बदलायच्या तुम्हीच बघा. एकदा घासलेला दात परत पहिल्यासारखा होत नाही. फुटलेला किंवा आधीच रूट कॅनल झालेला दात असेल तर कॅप योग्य, धडधाकट दातांना नाही.

---

टिळकवाडी_कन्या

वहिनी मी तुमच्या नणंदेसाठी लिहितेय. माझा खालचा जबडा मागे होता, २३ व्या वर्षी समजलं की वाढ संपलीय त्यामुळं दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे वरच्या दोन उपदाढा काढून दात मागे घ्यायचे, म्हणजे दात बसतील पण हनुवटी आहे तशीच राहील. दुसरा जबड्याचं ऑपरेशन. मी ऑपरेशन केलं, धारवाडला. सगळ्यांना हे लागत नाही, आणि मला तर माझ्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगून निर्णय माझ्यावर सोडला होता.

आधी तारा लावतात, वर्षभराहून जास्त, त्यात दात जबड्याच्या मानानं सरळ करतात, आणि त्या काळात दात अजूनच पुढं आल्यासारखे दिसतात, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते, बघून घाबरायचं नाही. मग पूर्ण भूल देऊन ऑपरेशन, आतूनच करतात त्यामुळं चेहऱ्यावर व्रण नाही. मग परत काही महिने तारा. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, माझी बरीचशी परत आली पण हनुवटीच्या एका बाजूला अजून थोडं कमी कळतं. हा धोका सही करायच्या आधी नीट विचारून घ्या. दीड महिना नाचणीची आंबील, ताक, पातळ पेज, मिक्सरमधून काढलेली आमटी यावरच होते, चांगलीच बारीक झाले.

लग्नाचं बोलायचं तर तारा असतानाच मला बघायला आले होते, मी स्वतः सांगितलं उपचार चालू आहेत अजून वर्ष जाईल. काही लोक परत आले नाहीत, जे आले त्यांनी विचारून घेतलं आणि विषय संपला. तुमच्या नणंदेला स्वतःला काय हवंय ते एकदा तिला एकटीला बसवून विचारा ना. तिनं नेटवर बघून स्वतः चौकशी केली म्हणजे तिला थांबायची तयारी आहे असं मला वाटतं, घाई बाकीच्यांना आहे. तिचे दात तिला पुढची पन्नास वर्षं वापरायचेत.

---

खानापूरवाली_वहिनी

खाण्याचं राहिलंच कुणी सांगायचं. तारा लागल्या की ऊस दातानं सोलून खाणं बंद, आपल्याकडं हंगामात हेच अवघड. कडक भाकरी आमटीत कुस्करून, पेरू-सफरचंद चिरून, मक्याचं कणीस दाणे काढून. चिक्की आणि गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) अजिबात नाही, तारेत असा अडकतो की ब्रॅकेट घेऊनच बाहेर येतो. कुंदा मऊ आहे, चालतो, पण लगेच चूळ भरून ब्रश करायला लावा, तारेभोवती गोड राहिलं की दातावर पांढरे डाग पडतात आणि तारा काढल्यावर ते तसेच दिसतात. बारीक ब्रश मिळतो तारेच्या मधून घालायचा, तो घ्या. तार टोचली तर मेण देतात डॉक्टर, ते लावायचं. पहिले तीन-चार दिवस दुखतं, नंतर नाही.

---

अथणीकर_तात्या

मी वेगळंच विचारतोय, राग मानू नका. माझं वय ४६. माझे दात आयुष्यभर सरळ होते, गेल्या तीन-चार वर्षांत वरचे पुढचे दोन बाहेर यायला लागलेत आणि मधे फट पडलीय, आधी नव्हती. तंबाखू आहे. ब्रश करताना रक्त येतं कधी कधी, दुखत मात्र काय नाही. घरात मंडळी तपकीर लावत्यात, त्यांचे पण हलायलेत. या वयात क्लिपा लावून सरळ होतील काय?

---

दंतवैद्य_बेळगाव

तात्या, बरं झालं विचारलंत. तुम्ही क्लिपा लावायला आधी जाऊ नका. सरळ असलेले दात मोठ्या वयात पुढं यायला लागले, फट पडली, रक्त येतंय, तर बहुतेक वेळा हिरडीचा आजार असतो, दाताला धरून ठेवणारं हाड कमी होत जातं आणि जीभ-ओठांच्या जोरानं दात सरकतात. दुखत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं तसेच राहतात. अशा दाताला तार लावून ओढलं तर उरलंसुरलं हाड पण जातं आणि दात हातात येतो.

आधी हिरडीच्या डॉक्टरांना दाखवा, पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात, दोन्ही कॉलेजांत हा विभाग असतो. ते दाताभोवती किती खोल गेलंय ते मोजतील, एक्सरे काढतील, मुळापर्यंत सफाई करतील, गरज पडली तर हिरडीचं छोटं ऑपरेशन. हिरडी शांत झाली, काही महिने तशीच राहिली, तर मग हलक्या जोरानं तारा लावून दात मागे घेता येतात, वयाची अडचण नाही. पण तंबाखू चालू ठेवून नाही. तंबाखूनं हिरडीचं रक्त कमी दिसतं, त्यामुळं आतलं नुकसान झाकलं जातं, म्हणजे तुम्हाला कधी कधी रक्त येतंय त्यापेक्षा आत जास्त झालेलं असू शकतं. काकूंची तपकीर पण तीच गोष्ट, त्यांनाही सोबत आणा आणि गालाच्या आतून, हिरडीवर पांढरा चट्टा आहे का ते बघून घ्या.

आणि शुगर शेवटची कधी तपासली होती? शुगर वाढलेली असली की हिरडी लवकर खराब होते, आणि हिरडी खराब असली की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. तपासली नसेल तर इकडं यायच्या आधी अथणीतच उपाशीपोटीची आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून रिपोर्ट घेऊन या, म्हणजे तुमची एक फेरी वाचेल.